शाळा सोडण्याचे कारण

आमच्या घराण्याची लेखी सुरुवात म्युनिसिपालिटीच्या एका शाळेत झाली, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. निमित्त लेकीच्या जात पडताळणीचं. बारावी झाली, सीईटी झाली, आणि कॉलेजने सांगितलं की व्हॅलिडिटीशिवाय, म्हणजे जात पडताळणीच्या दाखल्याशिवाय, राखीव जागा विसरा. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. भटक्या-विमुक्तांची तारीख २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींची १० ऑगस्ट १९५०. ज्या घरात मूल बारावीला असतं, त्या घरात या तारखा पाढ्यासारख्या पाठ होतात.

आबा शाळेत कधी गेले नव्हते. आम्ही सुतार, त्यामुळे जमीन नव्हती, म्हणजे सातबाराही नाही. गावाकडच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींत आबांचं नाव काही सापडेना. माझा स्वतःचा दाखला १९७२ चा, पाच वर्षांनी चुकला. उरला दादा. तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. पहिलीत घातला १९६४ च्या जूनमध्ये, भांडुपच्या त्याच शाळेत जिथे पुढे मी गेलो. आता तो कुडाळकडे गावी असतो आणि मुंबईला यायचं नाव काढलं की त्याचे गुडघे दुखायला लागतात. तेव्हा मीच गेलो, मुलीला घेऊन.

भांडुप पश्चिमेला स्टेशनवरून चालत निघालं, आग्रा रोड ओलांडला की चढ लागतो. हा रस्ता लालबहादूर शास्त्रींच्या नावाचा होऊन जमाना झाला, पण आमच्या तोंडी अजून आग्रा रोडच. शाळेच्या कमानीवर आता ‘मुंबई पब्लिक स्कूल’ असं लिहिलं आहे. लेक म्हणाली, ‘‘बाबा, तू पब्लिक स्कूलमध्ये होतास? कधी बोलला नाहीस.’’ मी होतो तेव्हा पाटीवर ‘मराठी शाळा क्रमांक’ आणि पुढे एक आकडा असायचा. आकडाच नाव होता. शिवाजी, टिळक, सरस्वती ही नावं खाजगी शाळांची. आम्हाला कुणी विचारलं, कुठल्या शाळेत रे, तर आम्ही म्हणायचो, ‘‘दोन नंबर.’’

मोठ्या बाई भल्या होत्या. ‘‘कुठल्या सालचं?’’ म्हणाल्या. चौसष्ट म्हटल्यावर त्यांनी हमालाला हाक मारली. म्युनिसिपल शाळेतल्या या माणसाला हमालच म्हणतात. ओझी उचलण्याखेरीज घंटा देणं, पाणी भरणं, पोरांची भांडणं सोडवणं हे सगळं तोच करतो. त्याने लोखंडी कपाटाच्या माथ्यावरून फडक्यात बांधलेलं बोचकं उतरवलं. आत जनरल रजिस्टरं. लांबीला हातभर, पुठ्ठ्याला कापडाची पट्टी, कडा उंदरांनी कातरलेल्या.

बाईंनी पान काढलं, बोट ठेवलं, आणि तिथे दादा होता. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. धर्म व जात: हिंदू, सुतार. जन्मस्थळ: तालुका कुडाळ, जिल्हा रत्नागिरी. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ च्या १ मेला झाला. दादाच्या कागदावर तो कायमचा रत्नागिरीकर आहे. जन्मतारीख: १ जून १९५८, अंकी आणि अक्षरी. लेकीला हसू आलं, कारण त्याच पानावर आणखी सहा मुलं १ जूनला जन्मली होती. हा महाराष्ट्रातला मोठा सार्वजनिक वाढदिवस. आईबापांना तारीख सांगता यायची नाही, शाळा जूनमध्ये उघडायची, मूल सहा वर्षांचं दिसायला हवं, मग गुरुजी हिशेब करून १ जून घालायचे. आमची आई सांगायची, दादा गणपतीत झाला. गणपती कधी जूनमध्ये येत नाहीत. पण दादाची नोकरी, रेशनकार्ड, आधार, सगळं त्या गुरुजींनी टाकलेल्या तारखेवर उभं आहे.

मग शेवटचे रकाने. प्रगती: साधारण. वर्तणूक: चांगली. शाळा सोडल्याची तारीख १९७० मधली, इयत्ता सहावी. शाळा सोडण्याचे कारण, लाल शाईत: ‘सतत गैरहजर. नाव कमी केले.’

मी ती ओळ दोनदा वाचली. आमच्या घरात दादा सातवी पास होता. त्याच्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांना सातवी सांगितलेलं मला चांगलं आठवतं, मीच चहाचे कप घेऊन उभा होतो.

बाई म्हणाल्या, ‘‘उतारा लिहायला वेळ लागेल, क्लार्क दुसऱ्या शाळेचंही बघतो. बसा, हवं तर चाळा.’’ लेक मोबाइलमध्ये शिरली. मी रजिस्टरं चाळायला घेतली, आणि दोन तास कुठे गेले कळलं नाही.

सर्वांत खालची दोन पुस्तकं मोडीत आहेत. मला मोडी येत नाही, बाईंनाही नाही. मध्यंतरी कुणबी नोंदींसाठी राज्यभर जुनी दप्तरं उघडली गेली तेव्हा एक मोडी वाचणारे गृहस्थ इथेही येऊन गेले म्हणे, खिडकीशी बसून त्यांनी पान न पान वाचलं. बाईंना त्यांच्याकडून एवढंच कळलं की त्या मुलांची जन्मस्थळं सगळी आसपासचीच: भांडुप, नाहूर, कांजूर, मुलुंड. आगरी, कोळी, मिठागरांवर राबणाऱ्यांची पोरं. म्हणजे शाळा तेव्हा गावची होती आणि भांडुप गावच होतं. साष्टी बेटाचा हा भाग आधी ठाणे जिल्ह्यात. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढला, त्याचं मुख्य ठाणं वांद्र्याला. पलीकडे मुंबई शहराने त्याच १९२० साली स्वतःचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून घेतला आणि १९२५ मध्ये एफ आणि जी वॉर्डांत सक्तीचं शिक्षण सुरू केलं. आमच्याकडे लोकल बोर्ड. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या हाती दिल्या, तेव्हापासून शाळा बोर्डाची, गुरुजी बोर्डाचे. तपासणीला ‘दिपोटी’, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, यायचे, आणि ते येणार म्हटल्यावर शेणाने सारवणं, तोरणं, पोरांची नखं कापणं, हे म्हाताऱ्यांकडून मी लहानपणी ऐकलं आहे. बोर्डाच्या शाळा बहुतेक एखाद्या ओवरीत, देवळात नाहीतर कुणाच्या तरी पडवीत भरत.

१९५० साली मुंबईची हद्द वाढली. पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत, मध्य रेल्वेवर भांडुपपर्यंत. पुढची सात वर्षं मुंबई आमच्या इथे येऊन संपत होती. १९५७ च्या फेब्रुवारीत ती मुलुंड-दहिसरला सरकली. रजिस्टरात हे मुंबईकरण एकाच पानावर होतं. वर मोडीतली शेवटची ओळ, खाली बाळबोध अक्षरात पहिली, आणि समासात म्युनिसिपालिटीचा शिक्का. बोर्डाच्या शाळेला क्रमांक मिळाला. गुरुजींना शहराचा पगार मिळाला असणार. अक्षर एकदम ठसठशीत झालं आहे, त्याचं कारण तेच असावं असं मला उगीच वाटलं.

त्यानंतरची पंधरा-वीस वर्षं या पुस्तकांत सगळ्यांत वाचनीय आहेत. जन्मस्थळाचा रकाना बघता बघता दूर दूर जाऊ लागतो. आग्रा रोडला कारखाने उभे राहत होते. सिएट, जी. के. डब्ल्यू., एशियन पेंट्स, आणि त्यांच्या आजूबाजूला लहान-मोठी वर्कशॉपं. मागे टेकडी रिकामी होती. खाली भोंगा आणि वर मोकळी जागा, एवढ्यावर अख्खी वस्ती चढली. आधी रत्नागिरी: मालवण, कणकवली, कुडाळ, राजापूर, लांजा. मग सातारा-सांगली. बहात्तरच्या दुष्काळाच्या पानांवर बीड, उस्मानाबाद, सोलापूर, नगर, आणि प्रवेशाची तारीख जूनमधली नाही तर नोव्हेंबर, जानेवारी, मार्च. वर्ष मध्येच सोडून आलेली ही मुलं. माझ्या पहिलीच्या वर्गात असा एक मुलगा दिवाळीनंतर आला होता. तो ‘मलासुद्धा’ऐवजी ‘मला बी’ म्हणायचा आणि आम्ही मालवणी पोरं, ज्यांना स्वतःला ‘माका’ म्हटल्याबद्दल बाईंकडून चिमटा बसायचा, त्याला हसायचो.

आबा आग्रा रोडच्या एका कारखान्यात पॅटर्न शॉपमध्ये होते. लोखंड ओतण्याआधी त्याचा लाकडी साचा करावा लागतो. गावात नांगर करणारा सुतार इथे पंपाच्या पोटाचे साचे करू लागला. दादा मला शाळेत पोहोचवायला यायचा. फाटकाच्या आत मात्र कधी यायचा नाही. समोर भजीवाला होता, तिथे उभा राहून मी जिन्यावर दिसेनासा होईपर्यंत बघायचा. मला वाटायचं, मोठा झाला ना, आता त्याला शाळेची लाज वाटते.

शाळा तेव्हा बैठी होती, मंगलोरी कौलांची, आणि शेजारी नवी तीन मजली इमारत उठत होती. मुलं इतकी झाली होती की वर्गात साठ-पासष्टचा पट. तुकड्या पाडल्या, तरी पुरेना. मग एकाच इमारतीत दोन अधिवेशनं. सकाळी आम्ही, दुपारी हिंदी शाळा. बाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं: एका इमारतीत तीन-चार शाळा राहतात, प्रत्येकीचा हेडमास्तर वेगळा, कपाट वेगळं, खडूचा डबा वेगळा, आणि त्या डब्यावरून होणारी भांडणं मात्र सामाईक. मुंबई महापालिका आठ माध्यमांतून शाळा चालवते: मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड. मला तरी दुसरं शहर ठाऊक नाही, जिथे म्युनिसिपालिटी इतक्या भाषांत पाढे म्हणून घेते.

चौथीपर्यंत आम्ही तागाच्या पट्ट्यांवर बसायचो. पाचवीत बाक आले, आणि बाकासोबत मला एक मित्र मिळाला ज्याला मी कधी पाहिलं नाही. माझ्या बाकाच्या खणात एक दिवस चिंचेचा गोळा सापडला, वहीच्या कागदात बांधलेला. कागदावर हिंदीत काहीतरी होतं, दुपारच्या शाळेतल्या पोराचा गृहपाठ. मी चिंच खाल्ली आणि खणात पेन्सिलीचा तुकडा ठेवला. दुसऱ्या दिवशी तुकडा नव्हता, गोटी होती. असं वर्षभर चाललं. गोटी, काडेपेटीची चित्रं, एकदा मेलेला भुंगा. बाकावर त्याने कर्कटकाने ‘र’ कोरला होता, मी शेजारी माझं अक्षर कोरलं. साडेबाराच्या सुमारास आमची शाळा सुटायची आणि त्यांची भरायची; जिन्यात दोन्ही लोंढे अंगावर यायचे. त्यांतला कोण तो, हे मी तोंडं बघून ओळखू पाहायचो. कधी जमलं नाही. वर्ष संपलं, वर्ग बदलला, बाक बदलला.

आमचं शिक्षण कसं होतं, तर मार होता, पाठांतर होतं, आणि गोष्ट सांगणाऱ्या एक बाई होत्या. पुस्तकं बालभारतीची, पाठ्यपुस्तक मंडळ १९६७ च्या जानेवारीत स्थापन झालं, त्यामुळे दादाने पहिली वेगळ्याच पुस्तकावर काढली आणि मी बालभारतीवर. म्युनिसिपालिटीची शाळा सातवीपर्यंत. सातवीचा दाखला घ्यायचा आणि आठवीला खाजगी हायस्कुलाच्या दारात उभं राहायचं, तिथले क्लार्क ‘म्युनिसिपालिटीचा आहे’ असं एकमेकांना मोठ्याने सांगायचे. त्या वाक्याचा सूर मला अजून ऐकू येतो. माझ्या सातवीच्या निकालालाही दादा आला होता. फाटकाबाहेर. मी पळत जाऊन कागद दाखवला, तर त्याने तो वाचला नाही, घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, ‘‘चल, भजी खाऊ.’’

रजिस्टरात पुढे गेलो. १९८२ च्या १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. आमचं भांडुप गिरणगाव नव्हे, पण टेकडीवर गिरणीत जाणारे खूप होते. पहाटेच्या लोकलने करी रोड, चिंचपोकळीला उतरायचे. मी तेव्हा दहावीला होतो, दुसऱ्या शाळेत. बोर्डाच्या परीक्षेचंच तेवढं डोक्यात. आता त्या सालची आणि पुढच्या सालची पानं बघतो तर शेवटचा रकाना लाल झाला आहे. ‘गावी गेला.’ ‘गावी गेली.’ ‘गावी गेला.’ एका पानावर नऊ. संपावर मी पुष्कळ वाचलं आहे, भाषणंही ऐकली आहेत. पण त्या क्लार्कने एकाच दिवशी बसून, एकाच पेनाने, नऊ वेळा लिहिलेलं ‘गावी’ माझ्या घशात अडकलं. यांतले किती परत आले, ते रजिस्टर सांगत नाही. परत आले असतील तर नव्या नंबरवर आले असतील.

नव्वदनंतर कारणाचा रकाना पुन्हा बदलतो. आता ‘गावी’ कमी, आणि ‘स्थलांतर’ जास्त: कळवा, दिवा, डोंबिवली, बदलापूर. कारखाने एकेक करून थंडावले होते, काहींच्या जागी पुढे टॉवर आले. वडिलांना हिशेब मिळाला की टेकडीवरची खोली विकायची, दूर मोठी घ्यायची. त्यांच्या जागी नवे आले, उत्तर प्रदेशातल्या जौनपूर, आझमगड, प्रतापगडचे. पण ते तुम्हाला जन्मस्थळाच्या रकान्यात सापडणार नाहीत. कारण तोवर जवळजवळ सगळीच मुलं हॉस्पिटलात जन्मायला लागली होती, आणि रकानाभर एकच शब्द उतरतो: मुंबई, मुंबई, मुंबई. इतकी वर्षं भडाभडा बोलणारा रकाना गप्प झाला. माणूस कुठून आला, हे पुढे आडनावावरूनच ताडायचं.

रकाने मात्र वाढत गेले. आईच्या नावाला जागा झाली. दादाच्या आणि माझ्या नोंदीत आई कुठेच नाही, जणू आम्हाला आबांनीच पोटातून काढलं. मग आधार क्रमांक. मग २०१५ पासून ‘सरल’ या सरकारी ऑनलाइन नोंदणीचा आयडी. अलीकडच्या पुस्तकांत एकेका पोराच्या मागे इतके आकडे आहेत की नाव बारीक अक्षरात लिहावं लागतं.

आणि पट घसरत गेला. १९९५ नंतर हजेरी ८० टक्के भरली तर महिन्याला ३ किलो तांदूळ मिळू लागला. २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्नच द्या म्हणून सांगितलं, आणि खिचडी आली. दप्तर, बूट, छत्री, वह्या मिळून २७ वस्तू फुकट आल्या. टॅब आले. शिक्षण हक्काचा कायदा २०१० च्या १ एप्रिलपासून लागू झाला, एक किलोमीटरच्या आत शाळा पाहिजे म्हणून. शाळा एक किलोमीटरच्या आत पन्नास वर्षं होतीच. पालक तिच्यावरून चालत पुढच्या गल्लीतल्या इंग्लिश स्कूलमध्ये फी भरायला जात होते. दोन खोल्यांचं का असेना, पण टाय असायचा.

मी कुणाला बोलतो आहे? माझी मुलगी शेजारी बसली होती, तिचं पहिलं रजिस्टर इंग्लिश मीडियमच्या कम्प्युटरमध्ये आहे. तिच्या प्रवेशाच्या वर्षी मराठी शाळांवर एका मंडळात मी तावातावाने बोललो होतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला फॉर्मच्या रांगेत उभा होतो. ‘घरी मराठी आहेच की,’ हे माझंच वाक्य. घरी मराठी आहे, पण तिला ‘अक्षरी’ म्हणजे काय ते त्या दिवशी मी समजावून सांगितलं.

आता म्युनिसिपालिटीने हाच धडा गिरवला आहे. २०२० नंतर शाळांच्या पाट्यांवर ‘मुंबई पब्लिक स्कूल’ आलं, काही ठिकाणी सीबीएसई सुरू झालं, आणि ज्या दारातून लोक पाठ फिरवून जात होते तिथे प्रवेशासाठी सोडती काढायची वेळ आली. मला याचा आधी राग आला होता. आता तेवढा येत नाही. टेकडीवरच्या रिक्षावाल्याला माझ्याएवढी फी परवडत नाही, पण माझ्याएवढीच भीती वाटते. त्याला ती फुकट भागवता आली तर मी कोण नाक मुरडणार. वाईट एवढंच वाटलं की त्या इमारतीत मराठी शाळेचे वर्ग आता पहिल्या मजल्याच्या एका टोकाला आहेत, आणि बाईंनी मला पट सांगितला तो हळू आवाजात, आजारी माणसाच्या खोलीबाहेर बोलतात तसा.

एक रात्र मात्र या रजिस्टरांत कुठेच नाही. २००५ ची २६ जुलै. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. मी घाटकोपरहून चालत मुलुंडला निघालो होतो. भांडुपपर्यंत यायला रात्र झाली, कमरेपर्यंत पाणी, दिवे नाहीत. चढ दिसला तसा सवयीने वर वळलो. शाळेचं फाटक सताड उघडं होतं. हमालाने सगळे वर्ग उघडून दिले होते, कुणाची परवानगी घेतली होती की नाही देव जाणे. बाकांवर, पट्ट्यांवर, जिन्यात माणसं. गरोदर बाई, बँकेतला साहेब, मासळीवाली, तिची पाटी. खिचडीच्या मोठ्या पातेल्यात चहा होत होता. मी पाचवीचा वर्ग शोधला. बाक नवे होते. उशाला बूट घेऊन खिडकीखाली आडवा झालो, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा शाळेत झोप लागली म्हणून कुणी छडी मारली नाही.

दुपारची घंटा झाली. क्लार्क उतारा घेऊन आला, बाईंनी सही केली, गोल शिक्का मारला, मग चष्मा काढून जरा संकोचाने म्हणाल्या, ‘‘कारणाचा रकाना आहे तसाच उतरवावा लागतो. पडताळणी समिती ते बघत नाही, जातच बघते.’’ मी म्हटलं, असू दे. लेकीने कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सरकवला. तिला जे हवं होतं ते दुसऱ्या ओळीतल्या एका शब्दात होतं.

फाटकाबाहेर आलो. भजीवाल्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. तिथेच उभं राहून दादाला फोन लावला.

‘‘गावला काय?’’ म्हणाला.

‘‘गावला. दादा, पण तुझं सहावीतच नाव कमी केलंय.’’

पलीकडे थोडा वेळ कोंबड्यांचाच आवाज. मग म्हणाला, ‘‘तुका कोणी वाचूक सांगितलेला?’’ आणि मग सगळं सांगितलं, विचारायच्या आधीच. त्या साली आबांचो हात मशीनीत गावललो, चार महिने घराक बसले. दादा आग्रा रोडच्या फर्निचरवाल्याकडे पॉलिश मारायला जायला लागला. ‘‘गुरुजी दोनदा घराक इल्ले. त्या चढावरसून, छत्री घेवन. पयल्या खेपेक आयशीन सांगल्यान, झील गावाक गेलो. दुसऱ्या खेपेक मी घरातच होतंय. माळ्यार लपलंय. वरसून बघतंय तर गुरुजी चाय पितत आणि आयेक सांगतत, पोरगो हुशार आसा, धाडा. तेंका माझी चप्पल दिसली दारात. बोलूक नाय काय.’’

विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ सालीच कायदा करून नगरपालिकांना सक्तीचं शिक्षण लागू करण्याची मुभा दिली, हे मी कुठे कुठे वाचलं आहे. आमच्या टेकडीवर ती सक्ती छत्री घेऊन दोनदा चढून आली होती, चहा पिऊन, चप्पल बघून, काही न बोलता उतरून गेली होती, आणि शाळेत जाऊन तिने लाल शाईचं टोपण उघडलं होतं. ‘सतत गैरहजर.’ ‘गावी गेला’ असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. आईने तसं सांगितलंच होतं.

‘‘आणि काय काय लिवल्यानी हा?’’ दादाने विचारलं.

‘‘प्रगती साधारण.’’

‘‘वर्तणूक?’’

‘‘चांगली.’’

‘‘मगे झाला तर,’’ दादा म्हणाला, आणि कोंबड्यांना हाकलायला उठला.